बेडकीच्या चाकांवरच्या रेषा

४ फेब्रुवारी

दादा,

तुझा पत्ता आईने दिला. साखरेच्या डब्याखाली घडी करून ठेवला होता तिने. "मी दिला म्हणून सांगू नकोस," असंही म्हणाली. ते मी पहिल्याच ओळीत सांगून मोकळी झाले. माझ्या पोटात काही राहत नाही, हे तुला ठाऊक आहेच.

इकडे सगळं ठीक. बाबांची तब्येत उत्तम आहे. गॅरेज बरं चाललंय.

लिहायचं कारण म्हणजे बाबांनी बेडकीवरचं कापड काढलं. तू गेल्यापासून ती गाडी मागच्या भिंतीकडे तोंड करून उभी होती, वर्गात शिक्षा केल्यासारखी. परवा सकाळी मी शटर वर केलं, तर बाबा तिच्या त्या बाहेर आलेल्या दोन दिव्यांवरची धूळ पुसत होते. मला बघून म्हणाले, "मास्तरीणबाई, एप्रिलमध्ये ऑटोक्रॉस आहे. उतरवू या हिला."

"चालवणार कोण?"

"समोर उभी आहे ती."

मी? मागे कोणी नसलं तरी सायकल वळवताना मी हात दाखवते. त्या डांबरी मैदानावर शंकूंच्या मधून एकटीने गाडी दामटायची, कडेला घड्याळ धरून माणसं उभी, एक शंकू पडला की वेळेत दंड. हे सगळं तुझं काम होतं. मी आपली रंगाची डबी धरणारी.

आईने बेडकी पाहिली आणि म्हणाली, "तुमचं आणि या गाडीचं एकदा लग्नच लावून टाका. साक्षीदार म्हणून मी सही करते."

"वयात फार अंतर आहे," बाबा म्हणाले.

"हो ना. तिने काय पाहावं तुमच्यात?"

बऱ्याच दिवसांनी बाबा हसले. म्हणून मी हो म्हटलं.

रेषांचा नियम अजून तसाच आहे. बाबा नट आवळतात आणि नटावरून चाकावर उतरणारी एक पांढरी रेषा ओढतात. मग दुसऱ्याने पाना लावून तपासायचं आणि शेजारी आपली रेषा ओढायची. नट जरा जरी फिरला तरी रेषा तुटलेली दिसते. दोन रेषा नसतील तर गाडी दाराबाहेर जात नाही, मग ती बेडकी असो की गिऱ्हाइकाची. तुझी पिवळी होती. तू गेल्यावर बाबांनी मला लाल डबी दिली. पिवळी फळीवरच आहे. तिचं झाकण आता इतकं बसलंय की हलत नाही.

त्या दिवसाबद्दल मी काही लिहिणार नाही. बेडकीचं पुढचं डावं चाक वळणावर निघून कसं गेलं, तुझं खांद्याचं हाड मोडलं, आणि बाबा सगळ्या मैदानासमोर तुला म्हणाले, "न तपासता रेषा ओढलीस." तू म्हणालास, "तपासला होता." आणि गळ्यातली झोळी उतरायच्या आत घरातून गेलास. लिहिणार नाही म्हणता म्हणता लिहिलं. मी कोणाचीच बाजू घेत नाही.

आणखी एक. मला नोकरी लागली आहे. लांबच्या शहरात गाड्यांच्या चाचणीचं मैदान आहे, तिथल्या तपासणी विभागात. दोन मे रोजी हजर व्हायचंय. बाबांना सांगितलेलं नाही. एप्रिलची फेरी होऊ दे, मग सांगेन.

तुझी
धाकटी

ता. क. पाकीट बंद केल्यावर जोडावर लाल रेषा ओढली आहे. सवय.


२६ फेब्रुवारी

दादा,

मागच्या पत्रात एक खोटं लिहिलं होतं. तेव्हापासून चैन नाही. बाबांची तब्येत उत्तम नाही. उजव्या मनगटात ताकद राहिलेली नाही. दोन बोटं सारखी बधिर असतात. डॉक्टर म्हणाले, मनगटाला विश्रांती द्या. बाबा म्हणाले, देतो. आणि थेट गॅरेजमध्ये आले. आई त्यांना चहा आता बशीतून देत नाही, मोठ्या कपात अर्धाच देते. कारण विचारलं तर म्हणते, "दूध कमी होतं." ग्रीसचा डबा, गोळ्यांची बाटली, बरणी, सगळ्यांची झाकणं उघडून जागेवर ठेवते.

बेडकीचं काम मात्र जोरात आहे. सुटं काहीही आत राहता कामा नये, म्हणून जादा चाक, जॅक, पायाखालचे गालिचे, सगळं बाहेर काढलं. तुझ्या सीटखाली एक कंगवा सापडला, तो मी धुऊन ठेवलाय. बॅटरी नव्या पट्ट्याने जखडली. ब्रेकचं तेल काळं झालं होतं, ते बदललं. पुढच्या चाकांच्या दांड्यांचे रबर हातात घेतले तर खारकेसारखे कडक, तेही नवे बसवले. हे सगळं बाबा सांगतात आणि मी करते. नट आवळणं मात्र त्यांचंच. तिथे कोणी हात लावायचा नाही.

आता मुद्द्याचं.

गेल्या आठवड्यात बाबांनी चारही चाकं बसवली, आवळली, पांढऱ्या रेषा ओढल्या आणि हात धुवायला गेले. मी टॉर्कचा पाना लावला. हवा तेवढा जोर पोहोचला की तो 'कट्' वाजतो. बाबांनी आवळलेला नट असेल तर पाना लावल्या लावल्या वाजायला हवा. तो वाजेना. नट फिरत राहिला. एक नट तर जवळजवळ पाव फेरा फिरला, मग वाजला.

आणि पांढरी रेषा तुटली.

नळाचं पाणी वाजत होतं. मी थिनरचं फडकं घेतलं, त्यांची रेषा पुसली आणि पांढऱ्या डबीतून नवी ओढली. शेजारी माझी लाल. तसंच सगळ्या नटांचं केलं. बाबा आले, वाकून पाहिलं आणि म्हणाले, "छान. एकही तुटली नाही."

नंतर लक्षात आलं की मी ओढलेल्या पांढऱ्या रेषा फारच सरळ आहेत. त्यांचा हात थरथरतो. म्हणून आता मी त्या जरा वाकड्या ओढायचा सराव करते. दादा, मी, जी दुकानदाराने चुकून जास्त दिलेली सुटी नाणी परत द्यायला अर्ध्या रस्त्यातून मागे जाते.

हे फक्त बेडकीचं नाही. गॅरेजमधून निघणाऱ्या प्रत्येक गाडीचं आहे. शाळेची गाडी आपल्याकडेच येते. मी नसले तर त्या चाकांना दुसरं कोण पाहणार? आणि मी असले, तर बाबांना कधी कळणारच नाही की पाहायला हवं. कुठूनही विचार सुरू केला तरी मी परत त्याच चाकापाशी पाना घेऊन बसलेली असते.

तू उत्तर लिहावंस असं मी म्हणत नाही. पण पत्र मिळालं एवढं कळवलंस तर बरं.

धाकटी


१९ मार्च

दादा,

उत्तर नाही आलं. असो. आज मला तुला जे सांगायचंय ते मी सगळीकडून तपासून घेतलंय. 

आपल्याला बाबांनी आकडे कशावर शिकवले आठवतं? पान्यांवर. शाळेत घालायच्या आधी आपलं सगळं शिक्षण घरातच, अक्षरं आईकडे आणि आकडे गॅरेजमध्ये. आणि संचात पंधराचा पाना नव्हता म्हणून मी पहिल्या दिवशी वर्गात चौदानंतर सोळा म्हटलं. सगळा वर्ग हसला. घरी येऊन मी रडले, तर तू म्हणालास, "पंधरा आहे गं, फक्त आपल्याकडे नाही." ते वाक्य मला या आठवड्यात सारखं आठवतंय. एखादी गोष्ट आपल्या घरात नसते म्हणून ती जगातच नाही असं आपण किती सहज धरून चालतो. बाबांची चूक, उदाहरणार्थ.

सोमवारी बाबांनी बेडकीचं पुढचं चाक पुन्हा काढलं. चाक ज्या गोल तोंडावर टेकतं त्यावर गंज होता, तो त्यांनी तारेच्या ब्रशने घासून काढला. मग चाक चढवलं आणि प्रत्येक नट त्याच्या त्याच बोल्टवर फिरवत नेला, पांढरी रेषा पांढऱ्या रेषेला भिडेपर्यंत. भिडली की थांबले. पाना वाजला नाही. त्यांनी वाजवलाच नाही.

"बाबा, आवळायचे राहिलेत," मी म्हटलं.

"रेषा जुळली की झालं. दोघांनी तपासलेली रेषा आहे ती."

आता तूच बघ. मध्ये गंज होता तेव्हाची ती रेषा. गंज गेला, चाक तेवढं आत बसलं, म्हणजे नटाला आणखी पुढे जायला हवं. रेषा जुनी आणि चाकाची जागा नवी. वरून पाहिलं तर दोन्ही रेषा अखंड दिसतात, लाल आणि पांढरी, आणि खाली नट सैल.

दुसऱ्या कुठल्या गॅरेजमध्ये ही चूक झालीच नसती. तिथे रेषांवर कोणाचा एवढा विश्वास नसतो.

 मला अपघाताच्या सकाळचे बाबांचे हात आठवले. तू मैदानावर नाव द्यायला गेला होतास. बाबांनी तुझं हेल्मेट आणून दिलं, तेव्हा त्याच्या पांढऱ्या पिशवीवर नारिंगी बोटं उठली होती. आईने ती पिशवी धुतलेली नाही. मी कपाटातून काढून पाहिली. गंजच आहे.

तू तपासला होतास, दादा.

जेवताना मी विचारलं, "बाबा, त्या दिवशी सकाळी तुम्ही चाक काढून घासलं होतं का?"

त्यांनी पाण्याचा पेला रिकामा केला. मग म्हणाले, "तेराचा पाना कुठे ठेवलास?"

"जागेवर आहे."

"मग ठीक."

मला राग आला आणि रागाच्या भरात मी नोकरीचंही सांगून टाकलं. दोन मे. लांबचं शहर. खोली बघितली आहे. बाबा शांतपणे म्हणाले, "मेच्या मध्यावर दुसरी फेरी आहे. जूनमध्ये तिसरी."

"बाबा, मी जाणार आहे."

"हो, हो. मागचे ब्रेक एकदा बघून घे."

आई म्हणाली, "अहो, ती काय म्हणतेय?"

"ऐकलं ना मी. मागचे ब्रेक म्हटलं."

त्या दिवसापासून ते रोज बेडकीत नवं काहीतरी काढतात. आज स्टिअरिंग जड वाटतं, उद्या क्लच. गिऱ्हाइकांना सांगतात, "माझी मुलगी आहे ना, तिच्या रेषेशिवाय आमची गाडी हलत नाही." लोक माझ्याकडे कौतुकाने बघतात. मला तेव्हा गॅरेजचं शटर अर्धं खाली आल्यासारखं वाटतं.

धाकटी


८ एप्रिल

दादा,

फेरी झाली. क्रमाने सांगते.

मैदान तेच. तू आदळलास त्या वळणावरच्या दिव्याच्या खांबाला आता जुने टायर बांधलेत. शिट्टीवाले काकाही तेच, गळ्यात शिट्टी अडकवून प्रत्येक गाडीची तपासणी करणारे. मला बघून म्हणाले, "अरे, डबीवाली! केवढी झाली! बाप अजून पाळण्यातून उतरू देतो का नाही?"

बाबांनी तिथे चाकं बदलली, फेरीची रुंद टायरांची चढवली, नट आवळले, रेषा ओढल्या. मी टायरच्या कडेला खडूच्या खुणा केल्या, वळताना टायर किती मुडपतो ते कळावं म्हणून. मग पाना घेऊन पुढच्या डाव्या चाकापाशी बसले. पाना लावला. नट फिरू लागला आणि मी थांबले.

सरावाप्रमाणे फडकं डाव्या हातात होतंच. बाबा काकांशी बोलत होते, पाठ माझ्याकडे. सगळं दोन मिनिटांत उरकलं असतं. पण गाडीत मीच बसणार होते, आणि माझ्या मनात काय आलं ते खरं सांगते. मला मरायची भीती नाही वाटली. मला वाटलं, आज हा नट मी गुपचूप आवळला तर साठ वर्षांची होईपर्यंत आवळत बसेन.

मी मोठ्याने म्हटलं, "बाबा, हा नट सैल आहे. मी लाल रेषा ओढणार नाही."

काकांनी शिट्टी तोंडातून काढली. शेजारच्या गाडीवाले वळून बघायला लागले.  बाबा आले, चाकाशी बसले, अंगठा रेषेवरून फिरवला.

"माहीत आहे," म्हणाले.

"काय माहीत आहे?"

"सगळेच सैल असतात. चाक सोडवताना कळतं मला. मी आवळलेला नट सोडवताना इतका घट्ट लागत नाही." मग हळूच म्हणाले, "आणि माझी रेषा इतकी सरळ कधी नव्हती. नंतर नंतर वाकडी काढायला लागलीस. ती तर फारच वाईट होती."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर दुसरा माणूस ठेवावा लागला असता. मग तू राहिली असतीस का?"

दादा,  मला वाटत होतं मी त्यांना सांभाळून घेतेय. तेही मला सांभाळूनच होते, आणि दोघांनी मिळून शाळेच्या गाडीची चाकं त्यात पणाला लावली होती.

काका म्हणाले, "चाक आवळणार आहात का कोणी, की घरी जाऊन भांडता?"

तेव्हा बाबांनी पाना माझ्या हातात दिला. पांढरी डबीही दिली. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आजपासून पहिली रेषा हिची. मी तपासणारा." लोकांनी टाळ्या वाजवल्या. काकांनी शिट्टी वाजवली. मी नट आवळले, पाना प्रत्येक नटावर वाजला, पांढऱ्या रेषा ओढल्या. बाबांनी तपासून लाल ओढल्या, खऱ्याखुऱ्या वाकड्या.

केवढा मान, नाही? आणि मला तेव्हाच कळलं की आता मी पुरती अडकले. दुसरी रेषा सोडून जाता येतं. पहिली सोडून कसं जायचं?

मी गाडी चालवली. पहिल्या वळणावर ब्रेक फार लवकर दाबला. दुसऱ्याला कमी. मग ती नागमोडी ओळ आली आणि बेडकी आपणहून वळायला लागली, मी नुसती तिच्या मागे मागे. त्या मिनिटभरात मी एकदाही काही तपासलं नाही. शेवटचा शंकू पाडला. वेळ तुझ्यापेक्षा बरीच वाईट. खडूची खूण जेमतेम पुसली गेली होती, म्हणजे टायरला माझ्याकडून फारसा त्रास झाला नाही. काका म्हणाले, "गाडी चालवलीस की देवघरात नेऊन ठेवलीस?"

परत येताना बेडकी मागे दोरखंडाने बांधलेली आणि आम्ही दोघं ट्रकमध्ये. बाबा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मीच घासलं होतं. तो नाव द्यायला गेला तेव्हा. रेषा जुळली म्हणून सोडलं."

"हे दादाला सांगा."

"कसं सांगू?"

"लिहा."

"हात चालत नाही." थोड्या वेळाने म्हणाले, "तूच लिही. तुझं अक्षर चांगलं आहे."

म्हणून लिहिते आहे. पण हे त्यांचं वाक्य आहे, माझ्या अक्षरात असलं तरी. आणि तेवढ्याने भागावं असं मलाही वाटत नाही.

धाकटी


३० एप्रिल

दादा,

उद्या सकाळच्या गाडीने निघते आहे. बॅग तीनदा भरून काढली.

फेरीनंतर मी बाबांना सांगितलं की माझी पहिली रेषा त्यांनी परत घ्यावी. ते बोलायचे बंद झाले. गॅरेजमध्ये नुसती ठोकाठोकी. मी शाळेच्या गाडीच्या चाकाशी बसून विचार करत होते की त्या नोकरीला नाही म्हणून कळवावं. कागदही घेतला होता. तेवढ्यात आई पदर खोचून आत आली आणि म्हणाली, "तो पाना इकडे दे."

"आई, जड आहे."

"या घरात झाकणं कोण उघडतंय इतके महिने?"

तिने पाना लावला, अंगाचा भार टाकला. कट्. पुढचा. कट्. बाबा कोपऱ्यातून म्हणाले, "तुला काय कळतं त्यातलं?"

"वाजतं की नाही एवढं कळतं. तुम्ही कधी काही बोलाल याची वाट बघण्यापेक्षा हे पुष्कळ सोपं."

"आवळायला कोणी माणूस ठेवावा लागेल मग."

"ठेवा. मी तपासेन. आणि सैल निघाला तर मी फडकं घेऊन बसणार नाही, हाक मारणार." माझ्याकडे बघत ती म्हणाली. म्हणजे तिलाही माहीत होतं. या घरात सगळ्यांना सगळं माहीत असतं, फक्त ज्याला विचारावं तो तेराचा पाना शोधत असतो.

कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याचा भाऊ सोमवारपासून येतोय. नट चांगले आवळतो. आईने निळा रंग घेतलाय. शाळेच्या गाडीवर आज पहिल्यांदा पांढरी आणि निळी रेषा गेली. मी फाटकापर्यंत पळत जाऊन पाहिलं. मग आणखी एकदा.

राहिली बेडकी. तिच्या नटांवर पांढऱ्या रेषा माझ्या होत्या. मी इथे नसताना त्या तिथे असणं म्हणजे मी आहे असं लिहून ठेवण्यासारखं. बाबांनी त्यांच्या भरवशावर पुन्हा नट नुसते जुळवले तर? म्हणून आज दुपारी तिला ठोकळ्यांवर चढवली, चाकं काढली आणि थिनरने रेषा पुसायला बसले. बाबा दारात उभे होते. मला वाटलं ओरडतील.

"नट डब्यात ठेव," म्हणाले. "जमिनीवर हरवतात."

मग आत आले, दुसरं फडकं घेतलं आणि पलीकडच्या चाकापासून त्यांच्या लाल रेषा पुसायला लागले.  मधेच ते उठले, फळीवरून तुझी पिवळी डबी काढली आणि झाकण फिरवायला लागले. हलेना. दोन्ही हातांनी धरून, मग छातीशी धरून. मान लाल झाली. मी पुढे झाले नाही. आयुष्यात पहिल्यांदा पुढे झाले नाही. शेवटी त्यांनीच ती माझ्यापुढे धरली.

मी झाकण सोडवलं. रंग वर सुकलाय, खाली ओला आहे. झाकण परत ठेवलं, पण आवळलं नाही.

"त्याला लिही," बाबा म्हणाले, "की बेडकी ठोकळ्यांवर आहे. आणि..."

"आणि काय?"

त्यांनी फडकं पिळून बाजूला ठेवलं. मग माझा पेन मागितला. खालची ओळ त्यांची आहे. मी तिला हात लावलेला नाही, सरळही केलेली नाही.

तू तपासला होतास. मी चुकलो.

पाकिटाच्या जोडावर नेहमीप्रमाणे माझी लाल रेषा आहे. या वेळी जरा बाजूला ओढली आहे. तिच्या शेजारी जागा आहे.

धाकटी